आच मोठी, ताट एकच

थाई जेवणाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं हिरव्या करीपाशी सुरू होतं आणि पॅड थाईपाशी संपतं. मला विचाराल तर मी आधी फाट खी माओचं नाव घेईन. आपल्याकडच्या हॉटेलांत तो पॅड की माओ किंवा ड्रंकन नूडल्स या नावाने मिळतो. तांदळाच्या रुंद, लुसलुशीत नूडल्स, ठेचलेला लसूण, तिखटजाळ बारक्या मिरच्या, फिश सॉसचा खारटपणा आणि शेवटी मूठभर तुळस. हो, तुळसच. तिच्याकडे पुढे येतेच.

नावात दारुडा आहे, पण पदार्थात दारू असावीच लागते असं नाही. कोणी म्हणतं, पिणाऱ्यांच्या सोबतीला हा झणझणीत प्रकार करत म्हणून हे नाव पडलं. कोणी म्हणतं, रात्री उशिरा झिंगून घरी आलेल्या कोणीतरी हाताला लागेल ते कढईत टाकलं. खरंखोटं काहीही असो, मला या कथांपेक्षा तो पदार्थ जिथे शिजतो ती जागा जास्त महत्त्वाची वाटते.

थायलंडमध्ये गल्लोगल्ली 'आहान ताम सांग'ची छोटी दुकानं असतात. सांगाल तसं करून देणारी. समोर चिरलेल्या भाज्या, मांस, कोळंबी, अंडी मांडलेली, मागे एक कढई आणि भडकलेली आच. तुम्ही सांगायचं, कोंबडी की कोळंबी, तिखट किती, वर अंडं हवं का. मग तुमच्या एकट्यासाठी कढई चढते. ताट तुमच्या हातात आलं की कढई धुतली जाते आणि पुढच्याचं सुरू होतं. खी माओ हा या दुकानांतला हक्काचा पदार्थ. टेबलावर मिरचीचं व्हिनेगर, फिश सॉस, साखर आणि मिरचीपूड ठेवलेली असते, म्हणजे शेवटचा हात खाणाऱ्यानं स्वतः फिरवायचा.

या एका कढईत दोन स्वयंपाक एकत्र आले आहेत. तांदळाच्या नूडल्स, सोया सॉस, ऑयस्टर सॉस आणि मोठ्या आचेवर परतण्याची रीत चिनी स्थलांतरितांनी आणली, त्यातही दक्षिण चीनच्या चाओझोऊ भागातून आलेल्या तेओच्यू लोकांनी. पहिल्या रामा राजाने १७८२ मध्ये राजधानी नदीच्या पूर्वेला हलवली, तेव्हा आज जिथे राजवाडा उभा आहे तिथली चिनी वस्ती उठवून सांफेंगला नेली. पुढे तिथेच बँकॉकचं चायनाटाउन वाढलं. फिश सॉस, मिरची आणि तुळस ही थाई बाजू. विसाव्या शतकात, १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या फिबुनसोंगखराम यांनी लोकांनी नूडल्स खाव्यात म्हणून सरकारी मोहीम राबवली आणि पॅड थाई देशाचा पदार्थ ठरला. खी माओ मात्र कामावरून सुटलेल्या माणसांच्या जिभेवर वाढला.

आता घरचं बोलू. हा पदार्थ घरी बिघडतो तो सॉसमुळे नाही. महागातली बाटली आणूनही नूडल्सचा गिच्च गोळा होतो, भाज्यांना पाणी सुटतं आणि सगळ्याला उकडल्याची चव येते. कारण एकच असतं, घरातल्या चौघांचं एकदम केलेलं असतं.

हॉटेलच्या भट्टीच्या तुलनेत आपल्या घरच्या गॅसची आच फारच कमी. कढई पुरेशी तापवून त्यात एका माणसाच्या नूडल्स टाकल्या, तर त्यांच्या अंगावरचं पाणी लगेच उडून जातं, कडा करपट-खमंग होतात आणि सोया सॉसमधली साखर कढईला लागून भाजते. त्या भाजण्यातच या पदार्थाची चव आहे. तिथेच चौघांच्या नूडल्स ओतल्या की कढई थंड पडते, वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, तांदळाचा स्टार्च सुटतो आणि परतायचं राहून शिजायला लागतं. नंतर कितीही वेळ गॅसवर ठेवलं तरी गेलेली वेळ परत येत नाही, उलट नूडल्स तुटतात. म्हणून माझ्या घरी नियम आहे: एका वेळी एक ताट. फार तर दोघांचं, तेही कढई मोठी असेल तर.

बँकॉकच्या महाचाय रस्त्यावरच्या जे फाय यांचं उदाहरण मला यासाठी नेहमी द्यावंसं वाटतं. मूळ नाव सुपिन्या जुनसुता. बँकॉकसाठी मिशलिनची पहिली यादी २०१७ च्या डिसेंबरात आली, तेव्हा त्यांच्या साध्या, रस्त्याला लागून असलेल्या दुकानाला एक तारा मिळाला. खेकड्याचं ऑम्लेट जगभर गाजलं, पण त्यांचं समुद्री मासळी घातलेलं खी माओही तितकंच नावाजलेलं. तेलाच्या उडत्या शिंतोड्यांपासून बचाव म्हणून डोळ्यांवर मोठा गॉगल, समोर कोळशाच्या शेगड्या आणि सत्तरी ओलांडल्यावरही प्रत्येक ताट स्वतःच्या हाताने परतायचं. लोक तासन्‌तास थांबतात. त्या बाईंनी घाणा वाढवून रांग कमी केली नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

एकेक ताट म्हटलं की आपल्याकडच्या गृहिणीच्या कपाळावर आठी येणार, आणि ती रास्तच आहे. आपली रीत पंगतीची. सगळ्यांना एकदम वाढायचं, आणि जी रांधते तिने शेवटी, गार झालेलं खायचं. एकेक ताट करत बसलं तर ती तासभर गॅसपाशीच उभी. म्हणूनच माझं म्हणणं आहे की खी माओच्या दिवशी ताम सांगच्या दुकानाची रीत पुरती उचलावी, पण आचारी बदलत ठेवावा. तयारी एकीने किंवा एकाने करावी. लसूण-मिरची ठेचून ठेवावी, सॉस वाट्यांत मोजून ठेवावा, नूडल्स एकेकाच्या वाट्याच्या वेगळ्या काढाव्यात. मग ज्याला खायचं त्याने गॅसपाशी यावं आणि आपलं ताट आपण परतावं. प्रत्यक्ष परतायला चार-पाच मिनिटं लागतात. माझा दहावीतला मुलगा आणि त्याचे आजोबा, दोघेही आता आपापलं करतात. आजोबांना तिखट सोसत नाही, ते एकच मिरची घेतात, बिया काढून. मुलगा सहा घेतो आणि नाक पुसत खातो. एकाच घरातल्या दोन जिभांना एकाच पातेल्यातली चव कशी पुरणार?

नूडल्सबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे आपल्याकडे एक खजिना पडून आहे. थायलंडमध्ये खी माओला ताज्या रुंद नूडल्स लागतात, त्यांना सेन याय म्हणतात. तांदळाचं पातळ वाटण पसरट पत्र्यावर वाफवून त्याचा पापुद्रा करायचा, तेलाचा हात लावून घड्या घालायच्या आणि रुंद पट्ट्या कापायच्या. उन्हाळ्यात घरी तांदळाच्या फेण्या किंवा सालपापड्या ज्यांनी घातल्या आहेत, त्यांनी हे हजार वेळा केलं आहे. फक्त आपण तो पापुद्रा उन्हात वाळवतो. वाळत घालण्याआधी ताटलीतून सोडवलेली ओली, गरम सालपापडी तेल लावून खाल्ली असेल तर सेन याय कशी लागते ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या पिठाला आंबवल्याची किंचित चव असते, हिला नसते, एवढाच फरक.

घरी करायच्या तर एक वाटी तांदळाची बारीक पिठी, पाव वाटी टॅपिओकाचं पीठ, दोन वाट्या पाणी, चमचाभर तेल, चिमूट मीठ. अर्धा तास भिजू द्यावं. पिठी मोदकाच्या आंबेमोहराची नको, ती चिकट होते. जुन्या, मोकळा भात होणाऱ्या तांदळाची घ्यावी. ताटलीला तेल लावून पळीभर पीठ फिरवायचं, उकळत्या पाण्यावर झाकून तीन-चार मिनिटं. पापुद्रा पारदर्शक दिसला की ताटली उतरवायची, वर तेलाचं बोट फिरवायचं, गार झाला की सोडवून दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापायच्या. गरम असताना ओढाल तर फाटेल. पट्ट्या त्याच दिवशी वापराव्यात. फ्रिजमध्ये ठेवल्या की तांदळाचा स्टार्च आवळतो, त्या कडक होतात आणि परतताना तुकडे पडतात. पाकिटातल्या सुक्या रुंद नूडल्स आणल्या असतील तर त्या थेट उकळत्या पाण्यात टाकू नका. साध्या पाण्यात तासभर भिजवा, बोटावर सहज वाकायला लागल्या की मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढा, लगेच गार पाण्याने धुवा आणि चाळणीत चांगल्या निथळा. ओल्या नूडल्स कढईत गेल्या की आच मेलीच समजा.

तिखटाचं म्हणाल तर मिरची आपली आणि त्यांची एकाच वाटेने आली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुत्थयेच्या दरबारात पोचला. अमेरिकेतली मिरची त्यांच्या जहाजांबरोबर दोन्हीकडे रुजली. त्याआधी इथेही आणि तिथेही तिखट म्हणजे मिरी. खी माओत हे दोन्ही काळ एकाच ताटात भेटतात, कारण त्यात बारक्या लाल-हिरव्या मिरच्यांबरोबर कोवळ्या हिरव्या मिरीचे अख्खे घोस टाकतात. मिरचीचा जाळ जिभेच्या टोकावर लगेच चढतो, मिरीचा दाणा दाताखाली आला की मागाहून, घशाशी, वेगळ्या वासाचा चटका बसतो. बाटलीतली खारवलेली हिरवी मिरी मिळते, पण आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या बागांतून मिरीचे वेल चढलेले आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पुरस्कार केलेल्या 'लाखी बागे'त तर मिरी, जायफळ, दालचिनी ही पिकं माडांच्या मधोमध घेतली जातात. दिवाळीनंतर तिकडून कोणी येणार असेल तर वाळवलेल्या मिरीबरोबर चार ओले घोसही मागवा. ते मिठाच्या पाण्यात फ्रिजमध्ये छान राहतात.

मिरची फोडणीत पडली की घरभर ठसका लागतो. त्याला इलाज नाही, खिडक्या उघडा आणि एक्झॉस्ट पंखा आधीच लावा. २००७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या सोहो भागात एका थाई उपाहारगृहात चटणीसाठी मिरच्या भाजत होते. धुराने रस्त्यावरची माणसं खोकायला लागली, विषारी वायूच्या संशयाने पोलिसांनी रस्ते बंद केले, अग्निशमन दलाने दार फोडलं आणि आत मिरच्यांचं भांडं सापडलं. मिरचीतलं कॅप्सेसिन शरीरातल्या उष्णता ओळखणाऱ्या ग्राहकांनाच जागं करतं, म्हणून आपल्याला प्रत्यक्ष भाजल्यासारखं वाटतं. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो. वाटीभर दही किंवा ताक शेजारी ठेवा.

आणि आता तुळस. थाई लोक जिला काफ्राओ म्हणतात ती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने आपल्या वृंदावनातलीच तुळस, जात तीच, फक्त वाण वेगळा. त्यांच्या वाणाचं पान जास्त कोवळं, वास लवंग आणि मिरीच्या मधला. आपल्या तुळशीचं पान जरा राठ असतं आणि लवंगेचा वास अधिक तीव्र. थायलंडबाहेरच्या बहुतेक हॉटेलांत तिच्याऐवजी बडीशेपेच्या वासाची होराफा वापरतात, कारण काफ्राओचं पान नाजूक, प्रवासात काळं पडतं. होराफा ही आपल्या सब्ज्याच्या जातीची. ज्यांच्या अंगणात सब्जा आहे त्यांनी कोवळे शेंडे खुडून पाहावेत.

तुळस मांसात घालायची का, हा प्रश्न आपल्या घरांत उठणारच आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या झाडाला रोज पाणी घालून हात जोडतो, कार्तिकात ज्याचं लग्न लावतो, नैवेद्यावर ज्याचं पान ठेवतो, त्याचं पान कोंबडीबरोबर परतायला हात धजत नाही. माझाही धजत नाही. माझ्या सासूबाईंना मी विचारलं तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "वृंदावनातली नको गं. वेगळी कुंडी लाव, ती भाजीची म्हणून लाव." मला हे पटलं. थाई काफ्राओचं बी ऑनलाइन मिळतं, उन्हात ठेवलेल्या कुंडीत सहज येतं. मंजिऱ्या धरू लागल्या की खुडत राहायचं, म्हणजे पानं कोवळी राहतात. दिवेलागणीनंतर तुळस तोडायची नाही हा घरचा शिरस्ता मी या कुंडीलाही पाळते, त्यामुळे रात्रीच्या जेवणाची पानं दुपारीच खुडून ओल्या फडक्यात ठेवलेली असतात. ज्यांच्या घरात कोणी माळकरी आहे त्यांच्यासाठी कोंबडीऐवजी टोफू आणि अळंबी, फिश सॉसऐवजी फिका सोया आणि मीठ, ऑयस्टर सॉसऐवजी अळंबीपासून केलेला सॉस. चव बदलते, पण ताट उणं वाटत नाही, कारण मिरची, मिरी आणि तुळस जागच्या जागी असतात.

एका ताटाचं प्रमाण सांगते. ताज्या नूडल्स दोनशे ग्रॅम, किंवा सुक्या ऐंशी ग्रॅम भिजवून. लसणाच्या पाच पाकळ्या आणि सोसतील तेवढ्या लवंगी मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचलेल्या. मिक्सरमध्ये नको, त्यात पाणी सुटतं आणि लसूण कडवट लागतो. शंभर ग्रॅम कोंबडी पातळ कापून चमचाभर सोया सॉस आणि चिमूटभर कॉर्नफ्लोर लावून ठेवलेली. मूठभर भाजी: बेबी कॉर्न, चवळीच्या कोवळ्या शेंगा, उभी चिरलेली लाल मिरची. वाटीत एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, दोन छोटे चमचे फिका सोया, एकेक छोटा चमचा फिश सॉस, काळा सोया आणि साखर. काळा सोया रंगासाठी आणि गोडसर खमंगपणासाठी असतो, तो जास्त झाला तर सगळं काळंकुट्ट आणि मळीसारखं लागतं. मिळाला तर क्राचाय नावाचा बोटांसारखा कंद बारीक चिरून घाला. नाही मिळाला तर सोडून द्या. त्याच्या जागी आलं घालू नका, पदार्थाचा वास बदलतो.

कढई लोखंडी हवी. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि इथे तर तेवढी आच लागणारच. मोठ्या बर्नरवर कढई धुरावेपर्यंत तापवा, मग दोन मोठे चमचे तेल. आधी कोंबडी, पसरून टाका आणि लगेच ढवळू नका. एका बाजूने रंग आला की उलटा आणि काढून ठेवा. त्याच तेलात लसूण-मिरची, दहा-पंधरा सेकंद, लसूण लाल व्हायच्या आत भाजी. मग हाताने मोकळ्या केलेल्या नूडल्स. सॉस वरून न ओतता कढईच्या तापलेल्या कडेने सोडा, चर्र असा आवाज येऊन वास उसळला पाहिजे. आता अर्धा मिनिट हात आवरा. नूडल्स तशाच पडू द्या, खाली डाग पडू द्या. मग उलथण्याने तळापासून उचलून दोनदा-तीनदा परता, कोंबडी आणि मिरीचे घोस टाका. गॅस बंद करा आणि त्यानंतरच तुळस. गरम नूडल्सच्या आत ती दाबा, पानं मऊ पडतात आणि घरभर लवंगेचा वास पसरतो. पानं गॅस चालू असताना टाकली तर तो वास पंख्याबरोबर बाहेर जातो आणि ताटात काळी चिंधी उरते.

ताट लगेच खायचं, बाकीच्यांसाठी थांबायचं नाही. पाच मिनिटांत नूडल्स एकमेकींना चिकटतात, दहा मिनिटांत गोळा होतो, आणि पुन्हा गरम केलेलं खी माओ मी कोणाला वाढत नाही. या रविवारी करून पाहा, आणि पहिलं ताट जिने तयारी केली तिलाच खाऊ द्या.